आमची वाटचाल : गुंडाळीतली दुसरी बाजू

पंख्याच्या दुकानात ज्याला सरसकट 'कंडेन्सर' म्हणतात, तो 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आम्ही भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात हाताच्या वाइंडिंग मशीनवर गुंडाळायला घेतला, तेव्हा उसनवारीच्या पैशांखेरीज माझ्यापाशी होते ते कॉलेजात शिकलेले एक सूत्र. दोन समांतर पट्ट्यांमध्ये पराविद्युत, म्हणजे वीज न वाहू देणारा, पदार्थ असेल, तर त्या पदार्थाचा स्थिरांक, निर्वाताची विद्युतशीलता आणि समोरासमोर येणारे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराला पट्ट्यांमधल्या अंतराने भागायचे, की धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळते.

धातूचा पातळ थर दिलेली आमची पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची फिल्म 6 मायक्रॉन जाडीची, तिचा स्थिरांक 2.2, आणि निर्वाताची विद्युतशीलता 8.85 × 10⁻¹² फॅरड प्रति मीटर. या आकड्यांवरून क्षेत्रफळ निघाले 0.77 चौरस मीटर. फिल्म 40 मिलिमीटर रुंद होती. अशा दोन फिल्म एकत्र गुंडाळायच्या; दोन्ही थरांच्या एकेका कडेचा 2 मिलिमीटरचा धातू नसलेला कोरा पट्टा आणि थर एकमेकांवर सरकवून ठेवण्याचा 1 मिलिमीटर वजा केला, की कामाची रुंदी उरते 35 मिलिमीटर. म्हणजे लांबी 22 मीटर.

त्या मापाने पहिली गुंडाळी केली, दोन्ही टोकांवर जस्ताचा फवारा मारला आणि धारकता मोजणारा एलसीआर मीटर लावला, तर आकडा आला 4.9 मायक्रोफॅरड. शेजारच्या गाळ्यातला मीटर आणून पाहिले, तोही तेच सांगत होता. शेवटी ती गुंडाळी ब्लेडने उभी चिरून टेबलावर थर उलगडत बसलो, तेव्हा लक्षात आले की गुंडाळल्यावर धातूच्या प्रत्येक थराला वरूनही आणि खालूनही विरुद्ध ध्रुवाचा थर भिडतो. पट्टीच्या दोन्ही बाजू कामाला येतात, म्हणून धारकता दुप्पट होते आणि फिल्म 11 मीटरच लागते. आमच्या मालाचा दर बाजारात टिकेल, हे मला त्या टेबलाशी पहिल्यांदा पटले.

पुढे काही वर्षांनी एक अख्खा लॉट परत आला, कारण ±5 टक्क्यांची मर्यादा असताना बरेच नग 2.37 च्या आसपास भरत होते. फिल्म तीच, लांबी तीच. मशीनवरच्या ताणाची स्प्रिंग मात्र सैल पडली होती आणि थरांमध्ये हवा राहिली होती. हवेचा स्थिरांक जवळजवळ 1, त्यामुळे तिचा पातळ थर म्हणजे फिल्मच्या कपॅसिटरला एकसर (सिरीजमध्ये) जोडलेला दुसरा कपॅसिटरच. हिशेब मांडला तेव्हा अवघ्या 0.15 मायक्रॉन हवेने धारकता पाच टक्क्यांहून थोडी अधिक घटते, असे दिसले. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. तेव्हापासून रोज सकाळी पहिली गुंडाळी करण्याआधी ताण तपासला जातो आणि फवाऱ्यानंतर नग भट्टीत ठेवले जातात, म्हणजे फिल्म किंचित आकसून थर घट्ट बसतात.

आज आमच्याकडे दोन स्वयंचलित मशीन आहेत. मध्यंतरी एका मोठ्या ग्राहकाने 5 मायक्रॉनची फिल्म वापरून दर उतरवायला सांगितले. जाडी कमी झाली की क्षेत्रफळही तेवढ्याच पटीने कमी लागते, म्हणून फिल्मचे वजन सुमारे 30 टक्क्यांनी घटते, हे खरेच आहे. पण तेवढ्याच व्होल्टेजला फिल्मवरचा विद्युत ताण 20 टक्क्यांनी वाढतो, आणि आमच्या 440 व्होल्टच्या नगांसाठी तो आम्हाला मान्य नव्हता. ती ऑर्डर आम्ही घेतली नाही, आणि त्या नगांना अजूनही 6 मायक्रॉनचीच फिल्म लागते.