मशीन ओके आहे

घरी मध्येच बंद पडणारे माझे मशीन, म्हणजे कामाचा संगणक, ज्याने तपासले त्या दुकानदाराने दिलेल्या पावतीवर तपासणीच्या आकारापुढे रक्कम लिहिलेली आहे आणि ‘बिघाड’ या रकान्यात नुसती एक आडवी रेघ ओढलेली आहे. दोष सापडला, मशीन सलग चालू लागले, आणि तरीही आज संध्याकाळी पिशवीतून ती पावती निघाली तेव्हा माझा चेहरा असा काही उतरला की आईने ‘आता काय झालं?’ म्हणून विचारले. काहीच झालेले नाही, असे त्या रेघेचेही म्हणणे आहे. एवढ्याशा रेघेचे मनाला इतके का लागावे, हे मला नीट कळलेले नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

नागपुरातल्या सीताबर्डीच्या त्या दुकानात माझे मशीन दिवसभर चालले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांनाही एकाच वेळी पूर्ण ताण देणारी चाचणी त्याने माझ्यासमोर लावली, पंखे गरगरले, तापमानाचे आकडे चढले आणि एका जागी थांबले, आणि घरी एक रात्र धड न काढणारा हा डबा तिथे पाहुण्यांकडे नेलेल्या द्वाड पोरासारखा शहाणा होऊन बसला. संध्याकाळी दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, मशीन एकदम ओके आहे. घरी मुलं गेमबिम खेळून राहिले का यावर?’’ मी नाही म्हटले. ‘‘मग एवढं मोठं कार्ड कशाला टाकलं तुम्ही?’’ मी ‘कामासाठी’ असे म्हटले खरे, पण ते इतक्या हळू आवाजात की तोवर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. माणूस वाईट नव्हता. कॅबिनेट त्याने स्वतः उचलून ऑटोत ठेवले आणि ‘सांभाळून न्या’ असेही तो म्हणाला. त्याने थोडा उर्मटपणा केला असता तर त्याच्यावर रागावून मोकळे तरी होता आले असते.

माझे काम बाहेरून दिसत नाही, हे मला मान्य आहे. सध्याची ॲनिमेशन फिल्म चाळीस सेकंदांची आहे. तिच्यात एक म्हातारी विहिरीतून पाणी शेंदते आणि दोर तुटतो, एवढेच घडते. सेकंदाला २४ चित्रे या हिशेबाने त्या चाळीस सेकंदांची ९६० चित्रे होतात. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स इंजिनावर एकेका चित्रातला प्रकाश, सावली आणि पाण्याची चकाकी यांचा हिशेब होऊन ते चित्र उतरायला माझ्या मशीनला सुमारे तीन मिनिटे लागतात, म्हणजे सगळे सुरळीत चालले तर सलग ४८ तास. या ४८ तासांत मी काहीच करत नाही असे घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते आणि ते बरेचसे खरेही असते. पण मशीन मध्येच बंद पडू लागले की रात्रभर त्याच्या उशाशी बसणे हेच एक काम होऊन बसते. प्रत्येक चित्र वेगळ्या पीएनजी फाइलमध्ये उतरत असल्यामुळे हातातले एक चित्र तेवढे जाते आणि आधीची शाबूत राहतात, एवढीच काय ती दया. रात्रभर थेट व्हिडिओ फाइल बनवायला लावून सकाळी ती उघडतच नाही असे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दयेचे मोल ठाऊक असेल.

बंद पडण्याचेही प्रकार असतात आणि ते ओळखण्यातच निम्मे निदान असते. नुसते ब्लेंडर बंद होऊन डेस्कटॉप समोर आला, तर संशय त्या दृश्यावर, एखाद्या ॲड-ऑनवर किंवा अपुऱ्या मेमरीवर जातो, आणि शेवटच्या क्षणी आपण काय करत होतो याची एक नोंद ब्लेंडर टेम्प फोल्डरमध्ये बहुधा ठेवून जाते. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर संशयित. विंडोज त्याला उत्तर द्यायला मुळात दोन सेकंदांचीच मुदत देते आणि तेवढ्यात उत्तर आले नाही की त्याला नव्याने उभे करते. निळा पडदा आला तर निदान एक सांकेतिक नाव तरी हाती लागते. माझ्याकडे यांतले काहीच होत नव्हते. चित्र तयार होत असताना, कसलीही पूर्वसूचना नसताना, पंख्यांचा आवाज एकदम थांबे, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येई आणि मशीन पहिल्यापासून सुरू होई. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत दर वेळी एकच नोंद असे: कर्नल-पॉवर, ४१. तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तेवढे मलाही दिसत होते.

पहिला संशय अर्थातच उकाड्यावर गेला, कारण नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास माणसेच बंद पडतात. कॅबिनेटची बाजूची झाकणी काढली, धूळ उडवली, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, टेबलफॅन लावला. प्रोसेसरचे तापमान ८४ अंशांच्या वर जाईना, आणि तो तर शंभराच्या जवळ पोहोचल्यावर आधी स्वतःचा वेग कमी करतो, एकदम प्राण सोडत नाही. मग रॅम, म्हणजे मशीनची तात्पुरती मेमरी. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ही तिची चाचणी सुरू करून रात्रभर चालू दिली, एक-एक पट्टी काढून पाहिली, बायोसमधले एक्सएमपी, म्हणजे रॅमला जादा वेगाने चालवणारी सोय, बंद करून रॅम तिच्या मूळ मंद वेगावर आणली. एकही चूक निघाली नाही. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. मल्टिमीटर लावून १२ व्होल्टची तार मोजली. तिला पाच टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६, काटा त्या मर्यादेत निवांत होता. अर्थात काही मिलिसेकंदांचा खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही, म्हणून संशय पूर्ण फिटला असेही नाही.

एकेक संशयित असा निर्दोष सुटला, की दुकानातले ते वाक्य पुन्हा ऐकू येई. मशीन ओके आहे. म्हणजे ओके काय नाही? दादाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘नवीन घेऊन टाक ना, किती दिवस त्याच्यामागे लागणार?’’ दादा काहीही नवीन घेऊन टाकू शकतो. मीनलने ‘तू नोकरी सोडली तेव्हाच मी...’ इतके बोलून वाक्य गिळले, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. या सगळ्यांत मला सर्वांत जास्त काय बोचत होते, तर आपण सांगतो ते घडते आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे काहीच नाही, ही गोष्ट. घरी मशीन पडते तेव्हा बघायला मी एकटी. चार माणसांत ते पडतच नाही. काही रात्री तर मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. ते आता पुरे.

काल रात्री नऊच्या सुमारास कूलरमध्ये पाणी भरायचे म्हणून तो बंद केला, आणि सगळ्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच खोलीत असा शांतपणा झाला की बारीक आवाजही कानावर यावेत. खाली बोअरची मोटर सुरू झाली. ट्यूबलाइट किंचित मंदावली, टेबलाखालच्या यूपीएसमध्ये ‘टक्’ असा आवाज झाला आणि मशीन गेले. मी तशीच हातात बादली घेऊन उभी राहिले.

मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या गरजेच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह क्षणभर ओढते आणि तेवढ्या क्षणी घरातला व्होल्टेज खाली बसतो. यूपीएस ते पाहतो आणि संगणकाला भिंतीवरच्या विजेवरून काढून बॅटरीवर घेतो. तेच त्याचे काम. मी नुसती म्हातारीचा हात चित्रागणिक वळवत बसलेली असते तेव्हा मशीनला वीज थोडीच लागते, बॅटरी तो भार पेलते, आणि त्या ‘टक्’ची दखलही घ्यावीशी वाटत नाही. पण रेंडर, म्हणजे चित्रे उतरवणे, चालू असताना कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॅटच्या पुढे जातात. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे फार तर ३६० वॅटचा, दादाच्या जुन्या मशीनसोबत आलेला, आणि आतली बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत म्हातारी होणाऱ्या जातीची. तो भार खांद्यावर येताच त्याने खाली टाकावा हे त्याच्या बाजूने पाहिले तर रास्तच आहे. मॉनिटर भिंतीवरच्या बोर्डावर असल्यामुळे चालू राहत होता आणि त्यामुळे वीज निर्दोष ठरत होती. पहाटे मशीन हमखास का पडे, तेही उलगडले: नळाला पाणी आले की गल्लीभर पाणी खेचणारे टिल्लू पंप लागतात. गंमत अशी की माझ्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असे स्पष्ट छापलेले आहे. तो क्षणभराचा खड्डा त्याने एकट्याने सहज गिळला असता. दुकानात मशीन थेट भिंतीला लावलेले होते, यूपीएस घरीच राहिला होता, आणि दुकानदाराने जे पाहिले ते खरोखरच ओके होते.

खात्री करून घेण्यासाठी आज सकाळी वरच्या काकांना खाली बोलावले आणि मोटर चालू-बंद करायला सांगितले. ‘‘टाकी भरली आहे बेटा, पाणी वाहून जाईल ना,’’ असे ते म्हणाले, पण सांगितले तसे त्यांनी केले. यूपीएसवर रेंडर लावून मोटर सुरू केली, मशीन पडले. मशीन थेट भिंतीला लावून मोटर सुरू केली, ट्यूबलाइट मंदावली आणि पंखे आपले फिरत राहिले. काकांनी उलटसुलट पुन्हा करून पाहायचा आग्रह धरला, आणि माझ्याखेरीज आणखी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत मशीन पुन्हा एकदा पडले तेव्हा मला झालेला आनंद लिहिण्यासारखा नाही.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकायला हरकत नव्हती. पण पावती निघाली आणि लक्षात आले की ती रेघ बरोबर होती. त्या माणसाने योग्य निदान केले होते, त्याचे योग्य पैसे घेतले होते, आणि मी मात्र इतके दिवस मनातल्या मनात त्याला खोटे पाडत होते. मला जळलेला एखादा कपॅसिटर हवा होता, जो काउंटरवर ठेवून ‘बघा’ असे म्हणता आले असते. मशीन आजारी आहे असे कोणीतरी म्हणावे, एवढ्यासाठी मी ते ऑटोत घालून नेले होते की काय, असा प्रश्न आता पडतो.

आणि त्याच्या प्रश्नाचे तरी काय? अशी कार्डे नेणाऱ्यांतले बहुतेक जण गेम खेळणाऱ्या मुलांचे आई-बापच असणार. रोज जे दिसते त्यावरून माणूस विचारतो. हे मी स्वतःला समजावून सांगते तेव्हा पटते, आणि थोड्या वेळाने पटेनासे होते. माझ्या वयाच्या बाईकडे पाहून त्याला आधी मुले आठवली आणि काम आठवले नाही. मुलांचा भाग मी इथे लिहिणार नाही. कामाचा भाग असा, की ‘कामासाठी’ हा शब्द मी हळू का उच्चारला, हे दुकानदाराला विचारून कळणार नाही. ते मलाच ठाऊक असायला हवे, आणि अर्धेमुर्धे आहेही.

असो. १००० व्हीएचा यूपीएस साधारण ६०० वॅट देतो, तो मला पुरेल. भाव चौकशी करून ठेवली आहे, पुण्याहून या फिल्मचे पैसे आले की घेता येईल. तोवर मशीन थेट भिंतीला, मध्ये फक्त एक स्पाइक गार्ड. वीज गेलीच तर एक चित्र जाईल, म्हणजे तीन मिनिटे. नागपुरात उन्हाळ्यात यापेक्षा मोठ्या गोष्टी जातात.

काकांना मात्र सकाळपासून राहवत नाही. दुपारी ते पुन्हा खाली आले आणि ‘‘एवढं चालू-बंद केलं, ते कशासाठी ते तर दाखव,’’ म्हणाले. मी तोवर तयार झालेली चित्रे जोडून त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली, चश्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली आणि म्हणाले, ‘‘बाई चांगली आहे. पण दोर असा मधून नाही तुटत. बादलीच्या गाठीपाशी ओला राहून राहून सडतो, तिथून जातो. मधला तर हाताला चांगला टणक लागते.’’ मी दोर मधोमध तोडला होता तो हवेत छान दिसतो म्हणून. गाठीपाशी तुटला तर म्हातारीच्या हातात जवळजवळ अख्खा दोर उरतो आणि बादली तेवढी जाते. तिचा तोलही वेगळा जाईल, ती मागे पडणार नाही, नुसती वाकून बघत राहील. हे मला सुचायला हवे होते की नाही, ते जाऊ दे. काकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि एका आठवड्यात बरोबर निघालेला हा दुसरा माणूस.

६११ पासून पुढची ३५० चित्रे पुन्हा करावी लागतील. तीन मिनिटांच्या हिशेबाने साडेसतरा तास, शिवाय हालचाल नव्याने बसवायला उद्याचा दिवस. पुण्याच्या लोकांकडून मुदत वाढवून घ्यायला सकाळीच फोन करायचा आहे. ते कारण विचारतील, आणि या वेळी मशीनचे नाव पुढे करता येणार नाही.