आमची वाटचाल: बाहेरच्या कॉन्फरन्सला जायचं की नाही

आमची कंपनी छोटी, नेटवर्कवरून डेटा इकडचा तिकडे नेणारं सॉफ्टवेअर लिहितो, आणि क्लायंट जगभर पसरलेले. त्यामुळे अगदी सुरुवातीपासून दरवर्षी एक वाद ठरलेला, बाहेरच्या कॉन्फरन्सला कोणी जायचं आणि मुळात जायचंच का. अकाउंट्स म्हणतात नको, डेव्हलपर म्हणतात हवंच, आणि बोलणी खातो मी.

नुसती भाषणं ऐकायला जाण्यात काहीच अर्थ नाही, हे आता मी ठामपणे सांगतो. ब्रसेल्सला हिवाळ्यात फॉसडेम भरतं, ओपन सोर्सवाल्यांची, म्हणजे आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्यांची, जत्राच म्हणा ना. युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर, तिकीट नाही, रजिस्ट्रेशनपण नाही, सगळा कारभार व्हॉलंटियर बघतात. पण खोली भरली की दार बंद, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. आम्ही एवढा विमानप्रवास करून गेलो आणि त्या बंद दाराबाहेर भिंतीला टेकून तेच भाषण मोबाईलवर लाइव्ह बघत उभे, आजूबाजूला बाकीचेपण तेच करतायत! मग बोलणं सुरू झालं तर शेजारचा माणूस आम्ही रोज वापरतो त्या लायब्ररीचा (म्हणजे तयार कोडच्या संचाचा) मेंटेनर, ती सांभाळणारा, निघाला, आम्ही कळवलेला एक बग त्याच्याकडे कित्येक महिने पडून होता, तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला, आमचा लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने काय काय केलं त्याची नोंद, त्याला दाखवला आणि भाषण संपायच्या आत पॅच, म्हणजे दुरुस्ती, तयार. ते भाषण काय होतं विचाराल तर आठवत नाही.

आयईटीएफचं गणित अजून वेगळं. इंटरनेटची स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था, वर्षातून 3 मीटिंगा. तिथे मतदान नसतं, खोलीचा कल बघायला लोक वर्षानुवर्षं चक्क तोंड मिटून गुणगुणायचे (पहिल्यांदा हसूच आलं), आणि तरी अंतिम निर्णय खोलीत होत नाही, मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकत्र जाणाऱ्या ईमेलवर, होतो. म्हणजे कागदावर बघितलं तर जायची गरजच नाही. शिवाय मार्च 2020 ला व्हँकुव्हरची मीटिंग करोनामुळे ऑनलाइन झाली, पुढे क्विक प्रोटोकॉलचं (इंटरनेटवरून डेटा नेण्याच्या एका पद्धतीचं) स्टँडर्ड, आरएफसी 9000 नावाचा दस्तऐवज, मे 2021 मध्ये आलंच की, काम काही कोणासाठी थांबलं नाही. पण माझं निरीक्षण असं की आधीची ओळख असलेल्यांचं ऑनलाइन मस्त चालतं, नवीन माणूस मात्र कॅमेरा बंद करून कोपऱ्यात बसून राहतो. आम्ही त्या मीटिंगच्या आधीच्या शनिवार-रविवारी जी हॅकाथॉन असते तिला जातो, ती फुकट असते, आपला कोड दुसऱ्याच्या कोडशी बोलतो का ते समोरासमोर तपासायचं, आणि अडलं की स्पेसिफिकेशन, म्हणजे त्या स्टँडर्डचे नियम, लिहिणारेच दोन टेबलं सोडून बसलेले असतात.

धंद्याचं म्हणाल तर, व्हिजिटिंग कार्डं वाटून काम मिळतं हा गैरसमज आहे. कामं नंतर मिळाली ती बहुतेक ज्यांचा प्रॉब्लेम तिथे सोडवून दिला त्यांच्याकडून. आणि खर्च तिकीट-हॉटेलचा नसतोच फक्त, व्हिसाच्या कागदपत्रांची धावपळ, जेटलॅग, आणि छोट्या टीममधून दोघं आठवडाभर गायब झाले की सपोर्टचे मेल साचतात ते वेगळं, परत आल्यावर सगळ्यांचीच तोंडं वाकडी.

म्हणून आता आमच्याकडे सरळ पद्धत आहे. जायचं असेल त्याने आधी लिहून द्यायचं, कोणाला भेटणार आणि त्यांच्यासोबत बसून नक्की काय सोडवणार. 'नेटवर्किंग' असं लिहिलं की अर्ज परत. बाकी रेकॉर्डिंगं ऑफिसात एकत्र बसून दीडपट स्पीडने बघतो, कंटाळा आला की बंद. या वेळच्या 'कोणाला भेटणार' यादीत दोनच नावं आली म्हणून तिकीट काढलं नाही, दोघांना मेल टाकला. एकाचं उत्तर आलंय, दुसऱ्याचं अजून नाही, आणि आमचा डेव्हलपर रोज सकाळी मला 'मग, बुक करू का?' विचारतोय.