फुलपाखराचा पाय आणि अर्धा लिटर अल्कोहोल : माझा अनुभव

फुलपाखरांच्या डीएनएवर काम करायचंय असं कुणी विद्यार्थी सांगायला आला की मी आधी एकच विचारते, अल्कोहोलचा परवाना आहे का? जाळी, चिमटे, प्रायमर (डीएनएचा हवा तो तुकडा धरणारे छोटे धागे), सिक्वेन्सिंगचे म्हणजे डीएनए वाचून घ्यायचे पैसे, हे सगळं नंतर बघू. पोरं गोंधळतात. त्यांना वाटतं मॅडमची गाडी घसरली.

आमचं कॉलेज तळकोकणात. पावसाळा सरला की इथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या झाडांना ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं झुंबडीने लगडतात. त्यात बहुतेक नर. मादीला भुलवणारा गंध बनवायला लागणारी अल्कलॉइडं (झाडांतली कडू रसायनं) ते त्या झाडांतून शोषून घेतात. दक्षिण भारतात हीच मंडळी मोसमी पावसाच्या आगेमागे घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे जातात आणि परततात, हे निरीक्षण जुनं आहे. आम्हाला एवढंच बघायचं होतं की आमच्या सड्यावरची आणि घाटावरची, गगनबावड्याच्या बाजूची, एकाच गोतावळ्यातली आहेत की सह्याद्रीने त्यांची वाटणी केलीये. स्थलांतर करणाऱ्या जातींत उत्तर बहुधा ‘एकच’ असं येतं. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचंच बघा. रॉकी पर्वताच्या पूर्वेची झुंड हिवाळ्यात मेक्सिकोत जाते, पश्चिमेची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. दोन वेगळ्या वंशांची म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघितलं गेलं, पण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचल्यावर फरक जवळजवळ सापडलाच नाही. तरी आपल्या डोंगराचं उत्तर आपणच काढायला हवं ना.

त्यासाठी फुलपाखरू मारावं लागत नाही, एक पाय पुरतो. या फुलपाखरांच्या कुळात पुढचे दोन पाय आखडून छातीशी चिकटलेले असतात, चालायला चारच. त्यातला मागचा एक चिमट्याने मांडीपाशी धरून हलकेच ओढायचा. सोडल्यावर ते पुन्हा त्याच झाडावर जाऊन बसतं. वनविभागाचं पत्र आधीच हातात आलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची बदलल्यात, तेव्हा जुन्या पुस्तकातली यादी बघून अर्ज करू नका.

आता मुख्य दुखणं. पाय 95 टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवायचा, म्हणजे डीएनए शाबूत राहतो. अर्धा-अर्धा मिलिलिटरच्या नळ्या, शे-दोनशे पाय, वर थोडं धुण्यापुसण्याला. सगळं मिळून अर्धा लिटर डोक्यावरून पाणी. पुरवठादार म्हणाला, बाटली तयार आहे, परवान्याची प्रत पाठवा. कॉलेजचा परवाना कुणाच्या तरी काळात संपला होता आणि तो कधी होता हेही आता कुणाला आठवत नव्हतं. 1949 च्या दारूबंदी कायद्याला ते अल्कोहोल घशात जाणार की नळीत याच्याशी फारसं देणंघेणं नाही. कागद हवाच.

कचेरीचं नाव घेत नाही. पहिल्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी विचारलं, “वर्षाला किती लागणार?”

“अर्धा लिटर.”

ते हसले. “मॅडम, अर्ध्या लिटरला कोण परवाना काढतं? पाच तरी लिहा. वर बरं दिसतं.”

पाच लिहिले. दुसऱ्या टेबलावर प्रश्न आला, पाच लिटरचं एवढं करणार काय? समर्थन जोडा. समर्थनात मी खरा हिशेब मांडला, तो अर्थातच अर्ध्या लिटरचा निघाला. मग ‘मागणी व समर्थन यांत तफावत’ असा शेरा मारून कागद परत. मी पहिल्या टेबलाकडे बघितलं. भाऊसाहेब जेवायला गेले होते.

त्यानंतर नकाशा. बाटली ज्या कपाटात ठेवणार ते प्रयोगशाळेत कुठे आहे ते दाखवा. आमचे लॅब असिस्टंट तांबे मामा टेप घेऊन भिंती मोजत होते आणि मी ग्राफपेपरवर रेघा मारत होते. दारं, खिडक्या, सिंक, कपाट, कपाटाची दोन कुलपं, सगळं दाखवलं. तिथे गेल्यावर बोट ठेवलं गेलं ते कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर, “उत्तर दिशेचा बाण कुठाय?” बाण काढायला पेन मागितलं तर म्हणे असं हाताने नाही चालणार, नवीन प्रत आणा, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह. मामा परतीच्या एसटीत म्हणाले, “काय ओ मॅडम, येवढ्यात तर मुंबयक जावन बाटली पिवन इले असते लोक.”

सूचनांची कमी नव्हती. सॅनिटायझर चालत नाही का? नाही, त्यात तीस टक्के पाणी आणि काय काय मिसळलेलं असतं, डीएनए कुजतो. फर्निचरवाल्याचं स्पिरिट? त्यातली भेसळ डीएनएला सोसत नाही. फॉर्मॅलिन तर नाहीच, त्याने डीएनए प्रथिनांना असा जखडतो की पुढे सुटत नाही. एका सहकाऱ्याने गोव्याहून काजूची फेणी आणून देण्याची तयारी दाखवली. ती जेमतेम 43 टक्के. पण माणूस मनापासून बोलत होता.

कचेरीत मधेच साहेब बदलले. नव्या साहेबांनी फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली आणि मला आत बोलावलं. फुलपाखराचा पाय कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. मोबाईलवर कॉमन क्रोचा फोटो दाखवला, काळं अंग, त्यावर पांढरे ठिपके. “हे तर आमच्या कण्हेरीवर असतं!” म्हणाले. असणारच, कण्हेर त्याच्या अळ्यांचं खाद्य. तो सगळा प्रवास सांगितला, अल्कलॉइड सांगितलं, अमेरिकेतलं मोनार्क सांगितलं. साहेब खुशीत. चहा आला. वाटलं, आता सही. फाईल ‘अभिप्रायार्थ’ वर गेली.

एव्हाना सड्यावर खुळखुळे वाजायला लागले होते. या कामात हंगाम चुकला तर थेट पुढच्या वर्षावर जातं, कारण प्रत्येक ठिकाणचे निदान वीसेक पाय हाती नसतील तर दोन बाजूंची तुलनाच करता येत नाही. शेवटी अल्कोहोलचा नाद सोडला आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, आणलं.

ही आमची सगळ्यात चांगली खेळी, आणि याचं श्रेय मी बिनदिक्कत घेते. पाय बटर पेपरच्या छोट्या घडीत, घडीवर पेन्सिलीने नंबर, घड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी सिलिका. पटकन सुकलेल्या पायातला डीएनए छान टिकतो. आता ‘पटकन’ आणि ‘कोकण’ हे शब्द एका वाक्यात कसे बसायचे हा प्रश्न होताच. सकाळी निळेशार असलेले खडे संध्याकाळी गुलाबी. हवेतली वाफ ते अधाशासारखे पितात. म्हणून दोन डबे ठेवा, एक वापरात, एक ओव्हनमध्ये 110 अंशांवर पुन्हा निळा होत असलेला. घरच्या कढईत भाजू नका, निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं. नारिंगी जातीचे मिळाले तर तेच घ्या. आणि पेन्सिलच वापरा, शाई दमट हवेत पसरते.

हे पाय मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत स्वतः घेऊन गेले, डबा मांडीवर. अल्कोहोल असतं तर कुरियरवाल्याने ज्वालाग्राही म्हणून हात लावला नसता आणि रेल्वेतही नेता आलं नसतं. कोरड्या पायांना कुणी काही विचारत नाही. पुढचं सगळं सुरळीत. 1994 पासून जगभर वापरात असलेले तेच प्रायमर, सीओआय या जाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, तपासणीच्या जेलवर डीएनएच्या स्वच्छ पट्ट्या. तिथल्या मुलीने “ताजे होते का?” असं विचारलं तेव्हा मी उगाच लांबण लावत सांगितलं.

मधेच आठवलं म्हणून : डीएनए काढायच्या किटमधल्या धुण्याच्या द्रावणातही शुद्ध इथेनॉल घालावं लागतं. म्हणजे पाय सुकवून परवान्यातून पूर्ण सुटका होत नाही. नुसतं पीसीआर, म्हणजे एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, करायचं असेल तर चेलेक्स नावाच्या राळेच्या दाण्यांत पाय उकळा, अल्कोहोलचा थेंबही लागत नाही. जीनोम वाचायचा असेल तर मात्र तेवढ्यावर भागत नाही. आणि सीओआय सगळीकडे सारखाच आला म्हणून नाचू नका. हा आईकडून येणारा तुकडा. वोल्बाकियासारखा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू आईकडूनच पसरतो आणि त्याच्या मागोमाग सीओआयचा एकच प्रकार सगळीकडे पसरू शकतो. त्याची तपासणी त्याच डीएनएवर करून टाका, वेगळा पाय लागत नाही. आमच्या निकालाबद्दल इथे लिहीत नाही, केंद्रकातल्या जनुकांचं काम बाकी आहे आणि त्यासाठी किट लागणार, म्हणजे पुन्हा ते अल्कोहोल.

परवाना आला. खरंच आला, शिक्क्यानिशी. मार्चच्या तोंडावर आला आणि मुदत 31 मार्चपर्यंत. नूतनीकरणाला गेले तर भाऊसाहेबांनी साठ्याची नोंदवही मागितली. मी उघडून दिली. आवक शून्य, वापर शून्य, शिल्लक शून्य.

त्यांनी पान उलटून मागची बाजूही बघितली. “वापर काहीच नाही? मग मॅडम, तुम्हाला परवाना लागतोच कशाला? तसं समर्थन जोडा.”