पायऱ्या चढून रणांगणावर

‘रणांगणावरचा ट्रेक आहे, चांगले बूट घालून या,’ असा मेसेज होता. मी हरिश्चंद्रगडाला वापरलेले बूट माळ्यावरून काढले, दोन लिटर पाणी भरलं आणि डोंबिवलीहून कुर्ला, तिथून हार्बर पकडून रविवारी सकाळी सातला डॉकयार्ड रोडला उतरलो. स्टेशनबाहेर दहा-बारा जण जमले होते. त्यातले एक काका, गोदीतून रिटायर झालेले, साध्या चपला घालून आलेले. माझ्या पायांकडे बघत त्यांनी विचारलं, “इथनं पुढं कुठं जायचंय का तुम्हाला?”

माझगावची भंडारवाडा टेकडी स्टेशनला अगदी खेटून आहे. पायऱ्या चढून दहा मिनिटांत आम्ही वर. वर बाग आहे, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. हे जोसेफ म्हणजेच काका बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. त्यांचा जन्म इथल्याच माथारपाखाडीतला. एका कोपऱ्यात हास्यक्लबचं सत्र जोरात चाललं होतं.

“आपण आता किल्ल्यात उभे आहोत,” गाइड मुलगी म्हणाली.

“कुठाय किल्ला?” चपलावाले काका.

“नाहीये. १६९० मध्ये पाडला.”

आता पायाखाली महापालिकेचा जलाशय आहे. किल्ल्याचा म्हणून दाखवावा असा एक दगडही मला दिसला नाही. मग तिने जी गोष्ट सांगितली, तिच्यासाठी मात्र मी पुन्हा एकदा ते जड बूट घालून येईन.

तेव्हा मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे होती आणि कारभार होता सर जॉन चाइल्डकडे. या गृहस्थाने औरंगजेबाशी भांडण उकरून काढलं, मोगलांची जहाजं पकडली आणि वर मोगलांचं आरमार सांभाळणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या फौजेसाठी चाललेलं धान्यही अडवलं. सिद्दी येईल, असं कुणीतरी बजावलं, तर म्हणे, “येऊ दे, पादून उडवून लावीन!” (गाइड इथे जरा अडखळली, कारण घोळक्यात दोन शाळकरी मुलं होती. दिवसभरात त्यांच्या लक्षात राहिलं असेल तर एवढंच.) हे लिहून ठेवलंय अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या खलाशाने. तो स्वतः त्या धामधुमीत मुंबईत होता, पण चाइल्डवर त्याचा भयंकर राग होता. तेव्हा थोडा मसाला धरून चालायचं.

सिद्दी याकूत खान १६८९ मध्ये आला. रात्रीच्या अंधारात शिवडीला उतरला, हॅमिल्टनच्या हिशेबाने वीस हजार माणसं घेऊन. शिवडीच्या शिबंदीने एक तोफ डागली आणि मागे पाय घेतला. माझगावच्या किल्ल्यातली शिबंदी तर दारूगोळा, तोफा आणि पैशांच्या पेट्या तशाच टाकून पळाली. सिद्दीने सकाळी येऊन सगळं ताब्यात घेतलं. म्हणजे ज्या रणांगणासाठी मी बूट चढवले, तिथे लढाई अशी झालीच नव्हती! शिवडीवरून तर मी तासाभरापूर्वीच खिडकीत पेंगत आलो होतो. शिवडी ते डॉकयार्ड रोड, मध्ये दोनच स्टेशनं.

शाळेत आम्हाला सिद्दी भेटला तो फक्त जंजिऱ्यात, महाराजांना दाद न देणारा. संभाजी महाराजांची हत्या झाली तेही १६८९ च. त्याच साली तोच सिद्दी आज आपण राहतो त्या शहराचा गळा आवळून बसला होता, हे इतिहासाच्या एकाही तासाला कानावर पडलं नव्हतं.

डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवून त्याने मुंबईच्या मुख्य किल्ल्याला वेढा घातला. वेढा वर्षभराहून जास्त चालला. शेवटी कंपनीचे वकील बादशहापुढे माफी मागायला गेले. दंड ठरला दीड लाख रुपये, शिवाय चाइल्डला हाकलायचं. चाइल्ड तोवर मरूनही गेला होता. जून १६९० मध्ये सिद्दी निघाला आणि जाता जाता माझगावचा किल्ला जमीनदोस्त करून गेला.

“आणि ज्यांची घरं इथं होती त्यांचं काय झालं?” काकांनी विचारलं. इतका वेळ हा प्रश्न मला सुचला नव्हता. गाइड म्हणाली, “त्यांची नावं कुणी लिहिलेली नाहीत, काका.”

मग थोडा वेळ सगळे कठड्याशी गप्प उभे होते. खाली रेल्वेचे रूळ, गोदीच्या क्रेन, पलीकडे खाडी. काका एकेक क्रेन बोटाने दाखवत होते, कुठल्या शेडमध्ये त्यांनी किती वर्षं काढली ते सांगत होते. गाइडचं ऐकायचं सोडून निम्मा घोळका त्यांच्याभोवती जमला. तिलाही ते आवडलं असावं, कारण तीही वही बंद करून तिथेच आली.

उतरताना ती रुस्तमजी दोराबजींचं सांगू लागली. सिद्दी पुन्हा चालून आला तेव्हा या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभी करून त्याला परतवलं, असं सांगतात. गोष्ट ऐन रंगात आली होती. तेवढ्यात कुणीतरी घड्याळ बघून ओरडलं, “अहो, आज हार्बरला मेगाब्लॉक आहे!”

पायऱ्यांवर माझे बूट पहिल्यांदा उपयोगी पडले. काका चपलांतही माझ्या पुढे होते.