ब्लूज शिकताना आधी अंगठा

अकूस्टिक गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, शिकायला मी स्केलपासून सुरुवात केली, ती चुकीची होती. मायनर पेंटॅटोनिक हे पाच स्वरांचं स्केल म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचेच स्वर. ते लवकर बोटांत बसतात, पण ब्लूज वाजत नाही. एकट्या गिटारमागे ड्रम नसतो, बास नसतो. ती दोन्ही कामं उजव्या अंगठ्याची. म्हणून सगळं थांबवून अंगठा धरला.

पट्टी ई घेतली. ई सेव्हन कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला) सहावी, सर्वात जाड तार मोकळी, ए सेव्हनला पाचवी. फक्त बी सेव्हनला पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबावा लागतो. ब्लूजचं आवर्तन 12 बारचं, बार म्हणजे चार ठोके. ते असे: चार ई, दोन ए, दोन ई, मग बी, ए, ई आणि शेवटी पुन्हा बी. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, एकाच तारेवर बारला चार सारखे ठोके. लायटनिन हॉपकिन्स, बिग बिल ब्रून्झी हे ब्लूज गिटारवादक ऐका, हाच ठोका सापडेल. मिसिसिपी जॉन हर्टचा अंगठा दोन तारांत आलटूनपालटून चालतो. ते नंतर शिकावं.

तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर) अशी टेकवायची की फक्त जाड तारा किंचित दबतील. हात अर्धा सेंटिमीटर जरी पुढे सरकला तरी स्वर मरतो, नुसता धप्प आवाज येतो.

खरी अडचण पुढे आली. बोटांनी सूर सुरू केला की अंगठा त्यांच्यामागे धावतो. त्यावर उपाय म्हणजे आधी सूर ठोक्यावरच, अंगठ्यासोबत चिमटीत वाजवायचा. ते घट्ट झालं की ठोक्याचे तीन भाग मनात मोजून सूर तिसऱ्या भागावर टाकायचा. शफल, म्हणजे ब्लूजची झुलती लय, तिथून येतो. माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला, आणि तो द्यायलाच हवा.

मग पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे कोमल ग. ई सेव्हन धरून मोकळ्या अनामिकेने तो वाजवायचा आणि तार अगदी थोडी वर ढकलायची. शुद्ध गपर्यंत पोहोचायचं नाही, मधेच थांबायचं. मींड ऐकलेल्या कानाला ही जागा पटकन कळते. एवढ्या ताणाला 12 नंबरच्या (पहिली तार 0.012 इंच जाड) तारांचा सेटही चालतो. ए सेव्हनवर मात्र हाच स्वर सरळ वाजवावा, तिथे ए सा मानला तर तो कॉर्डचाच कोमल नी आहे.

टर्नअराउंड, म्हणजे आवर्तन पुन्हा सुरुवातीला नेणारा तुकडा, अकराव्या बारमध्ये. पहिल्या ठोक्यावर मोकळी सहावी. पुढच्या तिन्हींवर तिसरी आणि पहिली तार एकत्र, चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या फ्रेटवर. बाराव्याच्या सुरुवातीला तिसरी तार पहिल्या फ्रेटवर, पहिली मोकळी, मग बी सेव्हन. उतरताना नजर डाव्या हातावर जाते आणि अंगठा थांबतो. हे दोन बार मी मेट्रोनोम 50 वर आणून वेगळे घोटले.