चुलीवरचा पैरा

जुलैत डेन्मार्कहून बेळगावजवळच्या माझ्या गावी, येळ्ळूरला पोचले तेव्हा पावसानं जोर धरला होता आणि शिवारात रोप लावणी चालली होती. आमच्या शेतात त्या दिवशी अकरा बायका होत्या. आई आणि काकू सोडल्या तर सगळ्या पैऱ्याच्या, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला आलेल्या. आज आमच्यात, उद्या त्यांच्यात. मजुरीचा प्रश्न नाही, वही नाही, पण कुणाचा कुठं किती दिवस फिटायचा राहिलाय हे प्रत्येकीला तोंडपाठ. मीही तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या पेंड्या घेऊन चिखलात उतरले. दुपारी बांधावर भाकरी सोडल्या तेव्हा काकूनं विचारलं, "तिकडं तुमचीबी शेती हाय म्हण की?"

शेती म्हणजे आमचे वाफे. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसजवळ आम्ही ज्या वसाहतीत राहतो, तसल्या वस्तीला तिकडं बोफेलेस्केब म्हणतात. चोवीस घरं, प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक मोठं घर. मागच्या बाजूला सामाईक मळा. तिथं एप्रिलमध्ये बटाटा लावतात, कारण त्याआधी जमीन गार असते, आणि जूनअखेरीला नवे बटाटे निघाले की म्हातारी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी मातीत हात घालून शोधतात. केल नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी बर्फातही उभी राहते आणि हिवाचा तडाखा बसला की गोड लागते. मी मेथी लावली, ती आली. कोथिंबिरीनं मात्र पहिल्या वर्षी रडवलं. तिकडं जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. एवढ्या लांब दिवसात ती पानं वाढवायच्या आधीच फुलावर जाते. आता मी ती ऑगस्टमध्ये पेरते. मिरची काचघरात.

संध्याकाळचं जेवण आठवड्यातून चारदा मोठ्या घरात असतं, बरोबर सहाला. आपल्याकडं त्या वेळी चहाचं आधण असतं. तिघांनी मिळून चाळीस-पन्नास माणसांचं रांधायचं, आणि ही पाळी प्रत्येक मोठ्या माणसाला साधारण महिन्यातून एकदा येते. ज्याला जेवायचंय त्यानं दोन दिवस आधी नाव लावायचं, पैसे महिन्याच्या हिशेबात. गेल्या खेपेला माझ्या तुकडीत एक निवृत्त सुतार आणि एक दंतवैद्य होता. सुतारानं दोन किलो कांदा चिरला आणि मी येळ्ळूरहून नेलेल्या मसुराची आमटी केली. आमच्या शेतात भात कापल्यावर त्याच ओलीवर येतो तो मसूर.

हे सांगताना आईचा हात थांबला. "बापे रांधतात? आणि भांडी?"

"तीबी तेच घासतात."

आई काही बोलली नाही. पैऱ्याच्या एका मावशींनी मात्र सांगितलं की महाप्रसादाला आमच्या गल्लीतले बापेही मोठ्या हंड्यात आमटी-भात करतात की. खरं आहे. शंभर माणसांचा भात न करपवता उतरवणारे आमच्या गल्लीत चौघं तरी आहेत, त्यात माझा चुलतभाऊ पहिला.

तिकडची ही पद्धतही काही फार जुनी नाही. यान गुडमंड-हॉयर नावाच्या वास्तुविशारदानं १९६४ पासून मित्रांबरोबर याचा विचार सुरू केला. पहिली जागा घेतली तर आजूबाजूच्यांनी विरोध केला आणि बेत बारगळला. मग १९६७ मध्ये बोडिल ग्रॉ या बाईंनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, मुलांना शंभर आईबाप हवेत, अशा अर्थाचा. तो वाचून माणसं गोळा झाली आणि १९७२ मध्ये सेत्तेदामन या वसाहतीची २७ घरं उभी राहिली. शंभर आईबाप म्हटल्यावर काकूला त्यात नवीन काही दिसेना. आमच्या गल्लीत कुठलंही पोर कुठल्याही दारात जेवतं.

पण त्या दिवशी शेतातून परतताना मी पाहिलं. पाच वाजता अकराही जणी भिजलेल्या, कंबर धरून चालत घरी गेल्या, आणि अर्ध्या तासात अकरा घरांत अकरा जणींनी गॅस पेटवला. चिखलातलं काम आम्ही पिढ्यान् पिढ्या वाटून घेतलं. चूल कधी वाटली नाही. तिथं प्रत्येक बाई एकटी. आईनं पन्नास वर्षं रोज दोन वेळा रांधलंय, आणि तिची पाळी नाही असा दिवस तिला आठवत नाही. डेन्मार्कमध्ये पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढं आयतं ताट ठेवलं होतं तेव्हा मला रडू आलं होतं. का, ते मला त्या संध्याकाळी आईच्या पाठीकडं बघताना कळलं.

रात्री मी काकूच्या घरी जाऊन म्हटलं, लावणी संपेपर्यंत दोन घरांचं एकत्र करूया, आज तुमच्यात, उद्या आमच्यात. काकू म्हणाली, "कर, पर आमच्या आमटीत गूळ घालायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी चुलतभावानं भात टाकला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो बेळगावला गेला आणि आईनं न बोलता कुकर लावला. लावणी संपायच्या आत माझी रजा संपली.

काल फोनवर आईनं विचारलं, "आज तुमच्यात पाळी कुणाची?"

माझीच, म्हटलं.

"मग मसूर लवकर भिजत घाल," ती म्हणाली, "तुम्ही सहालाच जेवता."