संत्रं निवडताना रंग सगळ्यात शेवटी बघा

नागपुरात कॉटन मार्केटला किंवा गोकुळपेठेच्या बाजारात संत्र्याच्या ढिगासमोर उभं राहिलं की हात आपसूक सगळ्यात केशरी फळाकडे जातो. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत ही सवय सोडायलाच हवी. सालीचा रंग बराचसा थंडीवर ठरतो आणि गोडी फळ झाडावर किती दिवस राहिलं त्यावर. रात्री गारठा पडू लागला की सालीतलं हरितद्रव्य उतरतं आणि केशरी रंग वर येतो. म्हणून ऑक्टोबरात, थंडीच्या आधी, आतून तयार झालेलं फळही बाहेरून हिरवट-पिवळं असू शकतं. उलट, लवकर तोडलेलं हिरवं फळ बंद खोलीत इथिलीन वायू देऊन काही दिवसांत पिवळं करता येतं. त्यात खाणाऱ्याला धोका नाही, पण रंगते ती फक्त साल. आतला आंबटपणा जिथल्या तिथे राहतो.

आणि तो घरी आणूनही जात नाही. आंबा, केळी, चिकू यांच्यात साठलेल्या पिठूळ द्रव्याची तोडणीनंतर साखर होते. संत्र्यात तसा साठाच नसतो. तोडलं त्या दिवशी जेवढी साखर होती, तेवढीच. फार दिवस ठेवलं तर आंबटपणा किंचित उतरतो, पण तोवर फळ सुकायला लागलेलं असतं. ‘दोन दिवस ठेवा, गोड होईल’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकून फळ घेऊ नका.

हंगाम ओळखता आला की निम्मं काम झालं. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, मुख्यतः दोन: आंबिया आणि मृग. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात असतात. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. आंबियात आंबटपणाची धार असते, मृगाचं फळ जास्त गोड. आंबियातलं हवं असेल तर सुरुवातीच्या मालाची घाई न करता नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यातला तयार माल तोवर भरपूर यायला लागतो आणि निवडायला वावही मिळतो.

आता फळ हातात घ्या. एकाच आकाराची दोन संत्री दोन तळहातांवर ठेवा. जड लागेल त्यात रस जास्त, हलकं लागेल ते बाजूला. याहून भरवशाची दुसरी परीक्षा नाही. मग अंगठ्यानं हलकेच दाबा. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, त्यामुळे थोडं दबणं ठीक, पण बोट काढल्यावर साल परत वर आली पाहिजे. साल खाली पोकळ लागली आणि खड्डा तसाच राहिला तर फळ पोचट आहे. ते झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलेलं असतं, साल गरापासून सुटलेली असते. अशा फळात, विशेषतः मोठ्या आकाराच्या, देठाकडच्या फोडी कोरड्या निघतात. रसाचे कोष घट्ट, दाणेदार होतात आणि चव पाणचट लागते.

देठाजवळ नक्की बघा. कात्रीनं कापलेल्या फळाला हिरवी टिकली चिकटलेली असते. ओढून तोडलेल्या फळाची साल तिथे फाटते आणि बुरशी त्याच जखमेतून आत शिरते. देठाचा लांब खुंट ठेवलेलाही नको, तो पिशवीत शेजारच्या फळाला टोचतो. पानं असलेली संत्री ताजी दिसतात, पण पानं कडक, गुंडाळलेली असतील तर तोडून बरेच दिवस झालेत. शिवाय पानं फळातलंच पाणी ओढतात, म्हणून घरी आल्यावर ती कापून टाका.

सालीवरचे तपकिरी, खरखरीत डाग बहुतेक वेळा कोळी नावाची बारीक कीड, फुलकिडे किंवा फांदीच्या घासण्याचे असतात. त्यांनी आतला गर बिघडत नाही आणि असं फळ अनेकदा स्वस्त मिळतं, ते खुशाल घ्यावं. टाळायचं ते टाचणीएवढं छिद्र. आंबियाचं फळ तयार होत असताना रस शोषणारा पतंग रात्री सोंड खुपसतो. छिद्राभोवती मऊ, तपकिरी वर्तुळ दिसतं आणि दाबलं की रस बाहेर येतो. हे फळ दोन-तीन दिवसांत सडायला लागतं.

डिसेंबर-जानेवारीत गाड्यांवर किन्नोही येतो आणि अनेकदा ‘संत्रं’ म्हणूनच विकला जातो. किन्नो हा कॅलिफोर्नियातला संकर, १९३५ मध्ये लागवडीसाठी दिलेला, आपल्याकडे मुख्यतः पंजाब-राजस्थानातून येणारा. त्याचा रंग गडद, साल चकचकीत आणि गराला घट्ट चिकटलेली, बिया भरपूर. नागपुरी संत्र्याला देठाकडे बहुधा छोटी मान असते आणि साल एका ओढीत सुटते. २०१४ पासून भौगोलिक मानांकन मिळालेलं हेच फळ. किन्नो वाईट नाही, पण नागपुरीच्या भावात घेऊ नये.

डझनावर घेत असाल तर पोचट फळांचा धोका जास्त, कारण मोठी फळं डोळ्यांना फसवतात. तिथे एकेक उचलून बघा. किलोवर घेताना मध्यम आकार धरा, आठ-नऊ फळं एका किलोत बसतील असा. कळमन्याच्या घाऊक बाजारात थेट जायचं तर चार घरांनी मिळून क्रेट घ्यावं आणि वरचा थर उचलून खालचाही बघावा.

घरी धुऊन ठेवू नका. कोरड्या कापडानं पुसा, टोपलीत एका थरात पसरा, आठवडाभर टिकतात. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात छिद्रं असलेल्या पिशवीत दोन आठवडे सहज जातात. पांढरी, मग निळसर-हिरवी भुकटी दिसलेलं फळ लगेच काढा आणि त्याला टेकलेली पुसून आधी संपवा.

रस मात्र काढला की लगेच प्या. संत्र्याच्या पडद्यात आणि बियांत असं द्रव्य असतं की रसातल्या आम्लामुळे ते हळूहळू कडू होत जातं. म्हणूनच सकाळी काढलेला रस दुपारी कडवट लागतो. बिया काढून, फोडी मिक्सरमध्ये न फिरवता हलक्या हातानं पिळल्या तर कडवटपणा बराच कमी राहतो.